‘बहुनिकषी’ की ‘बहुआयामी’?

एखाद्या वस्तूच्या कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंतच्या प्रवासात पर्यावरणावर होणारे परिणाम अनेक बाजूंनी मोजले जातात, त्या पद्धतीला मराठीत ‘बहुआयामी जीवनचक्र मूल्यांकन’ म्हणावे का, असा प्रश्न आहे. मी ‘बहुनिकषी जीवनचक्र-मूल्यमापन’ हा शब्दप्रयोग सुचवेन.

आयाम वस्तूचा असतो, निकष तपासणाऱ्याचा. निकष म्हणजे मुळात सोन्याचा कस पाहण्याचा दगड, आणि ‘कसोटी’ व ‘कसाला लागणे’ ही त्याच कुळातली. कोणत्या दगडावर घासून पाहायचे हे परीक्षक ठरवतो. या पद्धतीतही तापमानवाढ, आम्लीकरण, ओझोन थराचा ऱ्हास, पाण्याचा वापर यांपैकी काय तपासायचे हे अभ्यासक आधी ठरवतात. आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संस्थेच्या १४०४० आणि १४०४४ या मानकांनुसार उद्दिष्ट व व्याप्तीची निश्चिती ही पहिलीच पायरी आहे. ‘बहुआयामी’ म्हटले की ही निवड झाकली जाते, आणि सगळे काही आपोआप पाहिले गेले असावे असा भास होतो.

मोजलेल्या आकड्याला मात्र निकष म्हणू नये. तापमानवाढ हा निकष, तर कार्बन डायऑक्साइडच्या तुल्य किलोग्रॅममध्ये येणारा आकडा हा निर्देशक. प्रत्येक निकषाचे एकक वेगळे असल्यामुळे हे आकडे सरळ बेरजेत मांडता येत नाहीत.

खरा घोटाळा ‘सर्व निकषांवर’ या शब्दांपाशी होतो. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ मध्ये खरेदीच्या पिशव्यांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. साध्या सुती पिशवीला कमी घनतेच्या पॉलिथिनच्या पिशवीची बरोबरी करायला तापमानवाढीच्या निकषावर किमान ५२ वापर लागतात, पण सर्व निकष धरले तर किमान ७१०० वापर लागतात, असे त्यात आढळले. ही ७१०० ची संख्या बेरीज नव्हे आणि सरासरीही नव्हे. ज्या निकषावर सुती पिशवी सर्वांत मागे पडते, त्या एका निकषावर बरोबरी साधायला लागणारे ते वापर आहेत. म्हणून मराठीत ‘सर्व निकष मिळून’ असे लिहिणे चूक आहे. ‘प्रत्येक निकषावर बरोबरी साधण्यासाठी’ असे लिहावे. शब्द थोडे जास्त लागतात, पण अर्थ सरळ राहतो.

‘बहुनिकष’ की ‘बहुनिकषी’ हा मुद्दा लहान आहे. समास म्हणून पहिले रूप शुद्धच आहे, पण बहुरंगी, बहुगुणी, बहुमजली अशी मराठीची सवय पाहता दुसरे रूप अधिक रुळेल. ‘मूल्यांकन’पेक्षा ‘मूल्यमापन’ मला जवळचे वाटते, कारण येथे किंमत ठरवायची नसून मोजायचे आहे. ‘जीवनचक्र’ निर्जीव पिशवीला लावायला काहींची हरकत असते, ती मला पटत नाही. शाळेत फुलपाखरासाठी शिकलेला शब्द वस्तूच्या अवस्थांनाही चांगला लागू पडतो.

हे आकडे मराठीत उद्धृत करताना निकषांची नावे सोबत द्यावीत, असा माझा आग्रह आहे. उघड्यावर पडणाऱ्या कचऱ्याचा परिणाम डेन्मार्कच्या त्या अभ्यासात धरलेला नाही. महाराष्ट्रात २०१८ मध्येच प्लास्टिकबंदी आली, तेव्हाच्या चर्चेत मात्र तुंबणारी गटारे आणि जनावरांच्या पोटात जाणाऱ्या पिशव्या हेच मुद्दे पुढे होते. त्यामुळे ७१०० हा आकडा निकषांच्या नावांशिवाय या वादात आणला, तर ज्या प्रश्नाचे उत्तर त्या अभ्यासाने शोधलेच नव्हते, त्याचेच उत्तर म्हणून तो वाचला जाईल.