विकास आराखड्याची प्रगती दाखवणाऱ्या आकड्यांवर कितपत विश्वास ठेवावा?

तुम्ही विचारलंय की पालिकेच्या अहवालात आरक्षणांच्या (मैदान, बाग, शाळा अशा सार्वजनिक कामांसाठी आराखड्यात राखून ठेवलेल्या जागांच्या) अंमलबजावणीची टक्केवारी झकास दिसते, मग आमच्या वॉर्डात मैदान का सापडत नाही? आकडा बहुधा खरा असतो. तो कुठल्या टप्प्यावर मोजलाय, ते आधी विचारायचं.

मी पुण्यात नगररचनेचं काम करतो, म्हणून इथलंच सांगतो. डीपीतलं, म्हणजे विकास आराखड्यातलं, क्रीडांगणाचं एक आरक्षण घ्या. मालकाला टीडीआर (जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) दिला, प्रॉपर्टी कार्डावर पालिकेचं नाव चढलं, की ते आरक्षण फाइलीत 'ताब्यात'. भिंत बांधून बोर्ड लावला, की 'विकसित'. प्रत्यक्षात फाटकाला कुलूप, आत मांडववाल्याचे बांबू आणि पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळतायत. अहवालात बहुतेक वेळा पहिलाच टप्पा मोजतात, कारण तो कागदावरून कळतो. मला विचाराल तर 'लोकांना खुलं' हाच आकडा धरावा, आणि तोही वॉर्डनिहाय.

दुसरी गोष्ट भाजकाची. दरडोई काहीही काढायचं तर लोकसंख्या लागते आणि २०२१ची जनगणना झालीच नाही. पुण्याचा अधिकृत आकडा अजून २०११चा, सुमारे ३१ लाख. त्यानंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली. म्हणजे दोन वर्षांचे दरडोई आकडे शेजारी मांडले, तर मधल्या काळात शहरच बदललेलं असतं. अहवालात तळटीपसुद्धा नसते!

सरासरीचंही तसंच. केंद्राच्या २००८च्या सेवा मानकांत पाणी माणशी रोज १३५ लिटर धरलंय. पुण्याची सरासरी त्याच्या वर जाते, तरी नव्याने आलेल्या गावांतल्या सोसायट्या टँकरवरच जगतात. ५०० मीटरच्या आत बसथांबा, हाही लोकप्रिय निर्देशक. त्या थांब्यावर बस किती वेळाने येते ते त्यात धरलेलंच नसतं.

मला सगळ्यात कामाचा वाटणारा निर्देशक क्वचितच कुणी छापतं, तो म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७खालच्या नोटिसा. आराखडा लागू होऊन १० वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेने संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षणच रद्द होतं. पुण्याचा सुधारित डीपी जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला, म्हणजे ही मुदत आता अगदी दाराशी आली आहे.

तुम्ही माहिती अधिकारात आपल्या वॉर्डापुरती यादी मागा: आरक्षण क्रमांक, क्षेत्र, ताब्याची तारीख, लोकांना खुलं केल्याची तारीख, कलम १२७ची नोटीस आली असल्यास तिची तारीख. टक्केवारी मागू नका, ती घरी काढता येते.