कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं, टॉवेल पिळताना कळ येते. कारण काय? इंजेक्शन घ्यावं का?

डॉक्टर ‘टेनिस एल्बो’ म्हणाले तेव्हा मला हसूच आलं. उदगीरकडचा माणूस मी, चार म्हशी पाळतो. रॅकेट पाहिली ती टीव्हीवर.

तुम्ही लिहिलंय, टॉवेल पिळताना कळ येते. माझी धार काढताना यायची. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटलेले असतात, मूठ आवळली की ताण तिथंच. दुखणं हाडाचं नसतं, म्हणून एक्स-रेत सहसा काही दिसत नाही. माझं भांडण तिथूनच सुरू झालं. थोरले बंधू, अण्णा, फोटो बघून म्हणाले, “हाड तर ठणठणीत आहे. दुखतोय तो आळस. एक सुई मार अन् लाग कामाला.”

मारली. आठ दिवसांत हात कापसासारखा हलका! अण्णांनी ते गावभर सांगितलं. मी परत चारही म्हशींखाली बसलो आणि तीन महिन्यांत चहाचा कप उचलेना. स्टेरॉइडची सुई काही आठवडे गप्प करते, पुढं दुखणं पुष्कळदा उलटतं. माझं मत विचाराल तर घेऊच नका.

गुण आला तो लातूरच्या फिजिओथेरपीच्या बाईंमुळं. हात टेबलावर पालथा, पंजा कडेबाहेर, त्यात पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली. दुसऱ्या हातानं पंजा वर न्यायचा, दुखऱ्या हातानं सावकाश खाली सोडायचा. रोज. थोडं दुखतं, दुखू द्या. अंगठा मुडपून धार काढणं बंद केलं, आता पूर्ण मुठीनं काढतो. चार महिने लागले. कुणाला वर्षही लागतं.

हां, आतल्या बाजूला दुखत असेल तर प्रकार वेगळा. करंगळीला मुंग्या येत असतील तर नस दबलेली असू शकते. पडून लागलं असेल तर चोळू नका, आधी फोटो काढा. कोपर लाल, गरम होऊन ताप आला किंवा डाव्या हातासोबत छाती भरून आली, तर हे वाचत बसू नका, दवाखाना गाठा.

अण्णा अजून म्हणतात, “आबांनी सात म्हशी पिळल्या, कधी कोपर दुखलं म्हणाले नाहीत.” म्हणाले नाहीत, खरंय. पण धारेला बसताना आबा कोपराच्या दोन बोटं खाली धोतराची चिंधी करकचून बांधायचे. मेडिकलमध्ये आज मी त्याच जागी बांधायचा पट्टा विकत घेतो. अण्णांना ती चिंधी आठवत नाही.