चेष्टेतून विचारलेली खुशाली

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाशी, अग्निशमन दलातल्या माणसांच्या चेष्टेशी, येऊन मिळतात, म्हणून ती येथे एकत्र घेतली आहेत. उत्तरे देताना सांगलीत अग्निशमन सेवेत काढलेल्या वर्षांचा मला आधार झाला आहे.

प्रश्न : माझे यजमान अग्निशमन विभागातून निवृत्त झाले आहेत. अनेक वर्षे त्यांच्याच पाळीत काम केलेले एक मित्र निवृत्तीनंतर दापोली तालुक्यातील समुद्रकाठच्या आपल्या गावी राहायला गेले. तेथे त्यांचे कौलारू घर आणि नारळ-सुपारीची वाडी आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळले आणि त्यानंतर कित्येक दिवस त्यांचा फोन लागेना. त्या काळात यजमान धड जेवत नव्हते. संध्याकाळी आमच्या ओट्यावर येणारे त्यांचे जुने सहकारी एक शब्दही न बोलता बसून राहत. अखेर एके दिवशी त्या भावोजींनी रेंज मिळेल अशा टेकडीवर चढून फोन केला. यजमानांचे पहिलेच वाक्य होते, ‘काय मर्दा, एवढं होऊन वर्दी दिली न्हाईस?’ पलीकडून उत्तर आले, ‘कौलं गेली, वासे हाईत. बंब घेऊन या. पाणी हितं रग्गड हाय, आग तेवढी तुम्ही आणा.’ त्यावर ओट्यावरचे सगळे मोठ्याने हसले आणि एकाने तर, ‘तू आत असताना छप्पर उडालंच कसं?’ असे विचारून त्यांच्या पोटाचीही चेष्टा केली. वहिनी त्यांच्या शेजारीच उभ्या होत्या, हे मला नंतर कळले. पुढे सगळे जण टाळेबंदीतला प्रवासाचा पास काढून तिकडे गेले आणि घर शाकारून आले, हेही खरे आहे. परंतु परवा ही मंडळी पुन्हा जमली, तीच वाक्ये आणि तेच हसणे झाले, आणि मनातला जुना सल वर आला. ज्याचे छप्पर गेले त्याला साधेपणाने ‘कसे आहात’ असे या माणसांना विचारता येत नाही का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्याच पत्रात आहे. फोन लागत नव्हता तोवर ओट्यावर कोणी अवाक्षर काढत नव्हते, असे आपण लिहिले आहे. अग्निशमन दलात चेष्टा नेहमी गिनतीनंतर येते. आग विझवून बाहेर पडल्यावर अधिकारी आधी माणसे मोजतो. श्वसनसंच लावून धुरात शिरलेल्या प्रत्येकाचे नाव, आत गेल्याची वेळ आणि सिलिंडरमधील हवेचा दाब बाहेरच्या फलकावर लिहिलेला असतो, आणि शेवटचा माणूस बाहेर येऊन त्याची नोंद पुरी होईपर्यंत तेथे कोणीही हसत नाही. तो बाहेर आला, त्याने मुखवटा काढला आणि खोकत खोकत पाणी मागितले, की मग त्याच्या काळ्या पडलेल्या नाकापासून त्याच्या चालण्यापर्यंत कशावरूनही त्याला बोलणे सुरू होते. आपल्या ओट्यावर जे मोठ्याने हसले गेले, ते त्या मित्राची गिनती लागल्याचे हसणे होते.

आता त्या दोन वाक्यांकडे पाहू. आमच्याकडे मदतीसाठी येणाऱ्या खबरीला वर्दी म्हणतात. वर्दी आली की वेळ न विचारता निघायचे, हा या नोकरीचा पहिला धडा आहे. ‘वर्दी दिली न्हाईस’ या शब्दांत आपल्या यजमानांनी मित्राला सांगितले, की बोलावण्याचा हक्क तुझा होता आणि आम्ही निघालो असतो. मित्राने जे उत्तर दिले तेही नुसते हजरजबाबी नव्हते. काय गेले, काय उभे आहे आणि काय हवे आहे, या क्रमाने घटनास्थळावरून नियंत्रण कक्षाला अहवाल द्यायचा असतो, आणि त्यांनी नेमका तसाच तो दिला. कौले गेली, पण वासे शाबूत आहेत, म्हणजे घर पडलेले नाही आणि शाकारता येईल, एवढे सगळे त्या चार शब्दांतून ओट्यावरच्या प्रत्येकाला उमगले. मुखवट्याआडून, पंपाच्या आवाजात एकमेकांचे बोलणे ओळखण्याची सवय झालेल्या या माणसांनी मित्राच्या आवाजातला थकवाही पारखला असणार. ‘कसे आहात’ असे विचारले असते, तर ‘बरे आहे’ हे उत्तर आले असते. आपल्याकडे घर वाहून गेलेला माणूसही प्रथम तेच म्हणतो.

आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. जन्मभर दुसऱ्याला खांद्यावर घेऊन जिना उतरलेल्या माणसाला, आता आपणच कोणाच्या तरी दयेचा विषय झालो आहोत, ही जाणीव फार बोचते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली. तेथे धोक्याची पातळी 45 फूट आहे. त्या दिवसांत बोटींवर काम करणाऱ्या कितीतरी जवानांची स्वतःची घरे पाण्यात होती. गावभागातल्या एका घरातून माणसे उतरवून आणलेला एक फायरमन परत आला, तेव्हा त्याच्या स्वतःच्या घरात पाणी शिरल्याची खबर येऊन थांबली होती. कोणी त्याचे सांत्वन केले नाही. भिलवडी-औदुंबरच्या बाजूला कृष्णेत मगरी आहेत, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. बोटीवरचा प्रमुख त्याला म्हणाला, ‘तू मागं बस. मगर आली तर आधी तुझ्याकडं बघंल, तेवढ्यात आम्हाला वेळ मिळंल.’ तो अंगाने आडवा फायरमन हसला, वल्हे उचलले आणि पुढच्या फेरीला निघाला. त्याच रात्री त्याच प्रमुखाने त्याच्या बायको-मुलांची सोय आपल्या मेहुण्याच्या घरी लावली, आणि ती लावताना कोणाला काही सांगत बसला नाही.

या चेष्टेला कडक मर्यादा असतात. त्या कोठेही लिहिलेल्या नाहीत, तरी नवा मुलगा भरती झाला की काही महिन्यांत त्या शिकतो. आपल्या पत्रात कौलांची चेष्टा आहे, पोटाची आहे, बंबाची आहे, परंतु वाडीविषयी एक शब्द नाही. त्या वादळात रायगड किनाऱ्यावर श्रीवर्धन-दिवेआगरकडे आणि खाली मंडणगड-दापोलीत नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. नव्याने लावलेली पोफळ सुपारी धरायला काही वर्षे घेते, आणि निवृत्तीच्या वयाच्या माणसाने पुन्हा रोपे लावायची म्हणजे काय, हे ओट्यावरच्या प्रत्येकाला कळत होते. कौले विकत मिळतात, म्हणून त्यांच्यावर हसता येते. वाडीवर कोणी हसले नाही, आणि आपल्या यजमानांना आज विचारलेत तर, तेव्हा ती आठवण मुद्दाम टाळली होती, असे ते सांगतील अशी माझी खात्री आहे. दरवर्षी 14 एप्रिलला, 1944 मध्ये मुंबई गोदीच्या स्फोटात गेलेल्या 66 अग्निशामकांना आम्ही मानवंदना देतो. त्या वेळी रांगेत पापणीही हलत नाही, आणि नंतरच्या चहाला तीच माणसे एकमेकांची टोपी उडवतात. कोणती वेळ कशाची, याचे भान त्यांना पुरेपूर असते.

शिवाय ही मंडळी हसून घरी बसली नाहीत. जिल्ह्याबाहेर जायला पास लागत होता अशा दिवसांत, कराडवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण-खेडमार्गे ती दापोलीला पोहोचली. ज्याची निघायची तयारी आहे त्यानेच अशी चेष्टा करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे जाऊन त्यांनी काय केले असेल, हे मी अंदाजाने सांगू शकतो, कारण कामाचा क्रम ठरलेला असतो. प्रथम तुटून पडलेल्या तारा पाहायच्या आणि वीज कंपनीच्या माणसाने खात्री देईपर्यंत प्रत्येक तारेत वीज आहे असेच समजायचे. मग वाट मोकळी करायची. वाकून अडकलेल्या माडाच्या खोडात ताण असतो आणि चुकीच्या बाजूने करवत घातली तर ते उसळून छातीवर येते, म्हणून एकाने कापायचे आणि दुसऱ्याने नुसते खोडाकडे पाहत उभे राहायचे. त्यानंतर वाशांवर ताडपत्री, आणि शेवटी विहिरीतला पाचोळा काढून ब्लीचिंग पावडर. या कामात दिवसभर एकमेकांचा जीव एकमेकांच्या हाती असतो, आणि तोंडाने मात्र अखंड टिंगल चालू असते, कारण दुसऱ्याचे उत्तर यायचे थांबले की तो थकला आहे हे लगेच कळते.

तरीही आपला सल खोटा नाही. त्या हसण्यात वहिनींना जागा नव्हती. त्यांनी ती वर्षे धुरात काढलेली नव्हती, त्यांच्या कानांवर फक्त हसणे आले, आणि डोळ्यांपुढे उघडे घर होते. फोन ठेवण्यापूर्वी कोणीतरी ‘वहिनींना दे’ म्हणायला हवे होते, आणि त्यांच्याशी सरळ, शांत शब्दांत बोलायला हवे होते. ते राहून गेले असेल तर अजूनही वेळ गेलेली नाही. आपण त्यांना फोन करावा आणि त्या दिवशी त्यांना काय वाटले होते, ते विचारावे. त्यांना ते कोणी विचारलेले नसण्याची शक्यता बरीच आहे.

प्रश्न : माझे वडील निवृत्त लिडिंग फायरमन आहेत. आई-वडील दोघेच श्रीवर्धनजवळ राहतात आणि मी साताऱ्यात असते. वादळापासून बाबा प्रत्येक प्रश्नाला विनोदाने उत्तर देतात आणि त्यांचे मित्र फोनवर मनसोक्त हसतात. पण आई सांगते, की पावसाळ्यात वारा सुटला की ते रात्रभर उठून बसतात, उशाशी विजेरी आणि बूट ठेवतात, आणि वाडीत पाऊल टाकत नाहीत. मित्रांना हे सांगावे की नाही, असा मला प्रश्न पडला आहे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : जरूर सांगावे, आणि उद्यावर टाकू नये. वर ज्या चेष्टेची मी एवढी बाजू घेतली, तिची कमकुवत जागा हीच आहे. जो माणूस हसून उत्तर देण्यात तयार असतो, त्याला त्याच हसण्याआड लपताही येते, आणि समोरचे दहा जण खूश असल्यामुळे अकरावा प्रश्न कोणी विचारत नाही. विजेरी आणि बूट उशाशी असणे ही जुनी सवय असू शकते. माझ्याही पलंगाखाली ते असतात. परंतु वारा सुटताच झोप उडणे, नुकसान झालेली जागा टाळणे, दचकणे, लहानसहान कारणावरून चिडणे, दारू वाढणे यांपैकी काही गोष्टी महिन्याहून अधिक काळ टिकल्या, तर तो स्वभाव समजून सोडून देऊ नये. अशा त्रासावर उपचार आहेत आणि त्यांचा उपयोग होतो.

मित्रांच्या गटाला सांगू नका, एकाला सांगा. ज्याच्याबरोबर बाबा जोडीने धुरात शिरत असत, तो मित्र कोण हे आईला नक्की ठाऊक असेल. श्वसनसंचातील हवा कमी झाली की शिट्टी वाजते, आणि शिट्टी कोणाचीही वाजली तरी जोडीतले दोघेही बाहेर पडतात. त्या मित्राला एवढेच सांगा, की बाबांची शिट्टी वाजते आहे. त्याला निराळे समजावून द्यावे लागणार नाही. त्याने फोन न करता प्रत्यक्ष जावे, दोन रात्री तेथे राहावे, आणि रात्री बाबा उठून बसले की त्यांच्याशेजारी जाऊन बसावे. विचारायचे ते मोघम नको. ‘झोप किती वाजता मोडते?’, ‘वाडीत शेवटचा कधी गेला होतास?’ अशा प्रश्नांना विनोदाने उत्तर देणे अवघड जाते, आणि दिले तरी मित्राने तोच प्रश्न पुन्हा शांतपणे विचारावा.

डॉक्टरांकडे जायला बाबा तयार नसतील, तर ते त्यांच्या जुन्या अधिकाऱ्याकडून सांगवून पाहा. जन्मभर हुकमाने चाललेला माणूस मुलीचे ऐकत नाही, पण साहेबांचे ऐकतो, असा अनुभव आहे. शासनाची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. तिचा क्रमांक 14416 असून ती निःशुल्क आणि चोवीस तास चालते, व मराठीतून बोलता येते. प्रथम आपण स्वतः किंवा आईने तेथे बोलले तरी चालेल. आईचीही त्या रात्री झोपमोड होतेच आहे.

प्रश्न : मी अलीकडेच अग्निशमन सेवेत रुजू झालो आहे. आमच्या व्हॉट्सॲप गटावर काही जण पूरग्रस्तांची छायाचित्रे टाकून त्यांवर विनोद करतात. सगळेच हसतात. ‘आपल्या कामात हे चालतेच’ असे मला सांगण्यात आले. ते खरे आहे का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : नाही. वर ज्या चेष्टेविषयी लिहिले, ती ज्याची केली त्याला परतून टोला देता येतो. छायाचित्रातल्या माणसाला तो देता येत नाही, आणि आपण त्याच्या दारात गणवेशात गेलो होतो म्हणूनच ते चित्र आपल्या हाती आले आहे. आपण नवे आहात, तेव्हा गटावर वाद घालू नका. पाळीच्या ज्येष्ठ माणसाला एकटे गाठून हे सांगा, आणि छायाचित्रे काढून टाकायला लावण्याचे काम त्याच्यावर सोपवा. त्याने ते केले नाही, तर पुढची पायरी स्टेशन ऑफिसर आहे. दरम्यान ती चित्रे आपल्या मोबाइलमधून आजच पुसून टाका.