म्हातारपणी माझं कोण करणार?

तुम्ही लिहिलंय की वय ४६, लग्न केलं नाही, आईवडील गेले, भाऊ परदेशात. आता म्हातारपणी माझं कोण करणार? मी ६७ वर्षांची, अविवाहित, पोस्टातून निवृत्त झालेली, मिरजेत एकटी राहते. म्हणून लिहिते.

या प्रश्नाला एकच नाव शोधू नका. सगळं एकाच्याच गळ्यात पडलं की माणूस थकतो, मग तो पोटचा मुलगा असो की भाचा. कामं सुटी करा. माझ्या घराची एक किल्ली समोरच्या वहिनींकडे असते. सकाळी दुधाची पिशवी दाराच्या कडीला तशीच लटकलेली दिसली की त्या बेल वाजवतात. बँकेचं आणि मोबाइलचं भाची बघते, ती पुण्यात असली तरी अडत नाही. रात्री-अपरात्री न्यायचं झालं तर गल्लीतला रिक्षावाला आहे. त्याच्या मुलीचा दहावीचा अभ्यास मी घेतला होता, त्यामुळे मला हाक मारायला संकोच वाटत नाही. अशी माणसं साठीनंतर अचानक मिळत नाहीत. तुमच्या हातात वेळ आहे. शेजारच्या आजींना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आज तुम्ही सोबत करा. आणि निवृत्तीनंतर छान हवा बघून अनोळखी गावात फ्लॅट घेऊ नका, हे माझं ठाम मत.

दवाखान्यात मात्र ओळख पुरत नाही. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा काउंटरवर 'नवरा किंवा मुलगा कोणी आहे का सहीला?' असं विचारलं. शुद्धीत असलेल्या प्रौढ माणसाची स्वतःची संमती पुरते. मी डॉक्टरांना बोलावून घेतलं आणि माझ्याच सहीवर काम झालं. खरा घोर शुद्ध नसेल तेव्हाचा.

त्यासाठी अनेकजण कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, करून निर्धास्त होतात. पण करून देणाऱ्याचं मन ठिकाणावर आहे तोवरच ते चालतं. स्मृतिभ्रंश झाला की कायद्याने ते संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. मग पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागते. लिव्हिंग विल मात्र जरूर करा. बरं होण्याची आशा नसताना केवळ यंत्रांवर जगवत ठेवायचं का, हे त्यात आधीच लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन. आपल्या वतीने कोणी बोलायचं, त्यांची एकाहून अधिक नावं त्यात घालता येतात. मी भाचीचं आणि एका मैत्रिणीचं घातलंय.

मृत्युपत्राचं तर टाळूच नका. ते नसेल तर अविवाहित हिंदू स्त्रीची मिळकत आईवडिलांकडे जाते, ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे. आयुष्यभर जिने तुमचं केलं त्या मैत्रिणीला कायदा ओळखत नाही. बँकेत तिला नॉमिनी केलंत तरी ती पैसे स्वीकारणारी ठरते, मालक नव्हे.

एका गोष्टीसाठी तुम्हाला कळकळीने सांगते. 'घर आत्ताच नावावर कर, आम्ही बघू तुझं' असं कोणी म्हणालं तर बक्षीसपत्र करू नका. करायचंच झालं तर जिवंत असेपर्यंत सांभाळ करायची अट त्यातच लिहून घ्या. साठी उलटलेल्याने अशी अट घालून घर दिलं आणि ती पाळली गेली नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली न्यायाधिकरणाकडून ते रद्द करून घेता येतं. अट नसेल तर फार झगडावं लागतं. माझ्या ओळखीच्या एक बाई त्यापायी स्वतःच्याच घरात एका खोलीत राहिल्या. त्याच कायद्यात मूल नसलेल्या ज्येष्ठाला आपल्या मिळकतीच्या वारसाकडून निर्वाहखर्च मागता येतो, हेही लक्षात असू द्या.

मृत्युपत्र करताना साक्षीदार तुमच्याहून वयाने लहान घ्या, ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे. जमलं तर त्यातला एक डॉक्टर असावा, म्हणजे सही करताना तुम्ही शुद्धीत नव्हता असं पुढे कोणाला सहज म्हणता येणार नाही.