मुलांनी घराबाहेरच्या मोठ्या माणसांना काय म्हणावं, आणि ते शिकवावं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बंगळूरहून पुण्यात आलात, मुलगा सात वर्षांचा, इंग्रजी माध्यमात आहे. सोसायटीत तो सगळ्यांना 'अंकल-आंटी' म्हणतो आणि शेजारच्या बाईंनी 'मोठ्यांशी कसं बोलायचं ते शिकवा जरा' असं ऐकवलं. आता त्याला 'काका-काकू' म्हणायला लावायचं का?

लावा, पण माझा अंदाज असा की बाईंना 'आंटी' खटकलंच नसेल. 'आंटी, बॉल दे' यातलं 'दे' खटकलं असेल. मराठीत मान राहतो तो क्रियापदात. 'अंकल, बसा ना' म्हणणाऱ्या पोराला कुणी उद्धट म्हणत नाही, 'काका, तू बस' म्हणणाऱ्याला हमखास म्हणतात. म्हणून पहिले दोन आठवडे काका की अंकल हा वाद बाजूला ठेवा आणि क्रियापदं सुधारा.

सुरुवात आज्ञार्थापासून करा, कारण मुलांचं मोठ्यांशी बहुतेक बोलणं मागण्याचंच असतं. द्या, घ्या, या, बसा, थांबा, सांगा, बघा हे सात शब्द तोंडात बसले की सोसायटीतलं निम्मं काम झालं. 'खा' आणि 'जा' मात्र तू आणि तुम्ही दोन्हींना सारखेच राहतात, त्यामुळे तिथे 'तुम्ही' उच्चारायची सवय लावा: 'तुम्ही खा ना'. नकार देताना 'नको'चं 'नका' होतं: 'काका, गाडी इथे लावू नका ना, आम्ही खेळतोय.' इंग्रजी माध्यमातली मुलं एक गंमतशीर सरमिसळ करतात: 'तुम्ही ये', 'तुम्ही येशील का?' सर्वनाम शिकलं, क्रियापद मागे राहिलं. यावर रागावू नका, ती अर्धी वाट चालून आलेली असतात.

दुसरी पायरी भूतकाळाची. 'तुम्ही कधी आला?' असं बरेच मोठेही बोलतात, तरी मुलाला 'आलात', 'गेलात', 'जेवलात' हा शेवटचा 'त' ऐकवत राहा. तो कानाला लागला की आपोआप येतो, समजावून येत नाही.

तिसरी पायरी सगळ्यात अवघड, कारण तो माणूस समोर नसतो. 'आई, वॉचमन काका आला' नाही, 'आले'. 'काकाने दिलं' नाही, 'काकांनी दिलं'. 'काकाला सांग' नाही, 'काकांना सांग'. बायकांच्या बाबतीत मुलं आणखी अडखळतात आणि 'टीचर आले', 'काकू आले' म्हणतात. मानार्थी अनेकवचन आहे एवढं त्यांना कळलेलं असतं, पण स्त्रीलिंगी रूप सापडत नाही. 'टीचर आल्या', 'काकू गेल्या', 'बाईंनी सांगितलं' ही रूपं वेगळी घोटून घ्यावी लागतात.

यातच एक बारकावा आहे. घरात आपण 'आई आली' आणि 'बाबा आले' म्हणतो. आजी 'आली', आजोबा 'आले'. सख्खी मावशी 'आली', पण पोळ्या करायला येणाऱ्या मावशी 'आल्या'. म्हणजे नात्याचा शब्द एकच, पण घरच्या बाईला एकवचन आणि बाहेरच्या बाईला अनेकवचन. मूल घरात दिवसभर 'आई आली, आजी आली' ऐकतं आणि तोच साचा शेजारच्या काकूंना लावतं. ते उद्धट नसतं, नियम जरा जास्तच पाळत असतं. हल्ली शहरातल्या अनेक घरांत बाबालाही 'अरे बाबा, तू' असतं, म्हणजे घरात 'तुम्ही' ऐकायची सोयच उरली नाही. तुमच्याकडे तसं असेल तर मुलाला सरळ सांगा: घरात तू, दाराबाहेर तुम्ही. सात वर्षांच्या मुलाला एवढा नियम व्यवस्थित कळतो.

आता संबोधन. ठोकताळा असा: कॉलेजच्या वयापर्यंत आणि त्याच्या थोडं पुढे दादा-ताई, आईबाबांच्या वयाचे काका आणि काकू किंवा मावशी, त्याहून बऱ्याच मोठ्या वयाचे आजी-आजोबा. आईची मैत्रीण मावशी, बाबांचा मित्र काका, त्याची बायको काकू, मावशीचा नवराही काकाच. 'काकू' की 'काकी' यावर भांडू नका. पुण्यातल्या बऱ्याच घरांत काकू, मुंबई-कोकणातल्या कित्येक घरांत काकी. त्या घरात जे चालतं ते घ्या.

वयाचा अंदाज न आल्यास एक पायरी खालची निवडायची. पन्नाशीच्या बाईंना 'ताई' म्हटलं तर त्या हसतील, पांढरे केस बघून 'आजी' म्हटलं तर लिफ्टमध्ये तुमच्याशी बोलणार नाहीत. आणि गळ्यात मंगळसूत्र दिसलं म्हणून पंचविशीतल्या मुलीला 'काकू' करू नये. ती ताईच. वीस-एकवीसपर्यंतच्या दादा-ताईंना 'तू' चालतं, 'दादा, तू येतोस का खेळायला?' यात काही चूक नाही. पंचविशीपुढच्या अनोळखी ताईंना 'तुम्ही'.

दोन काकू असल्या की आडनाव किंवा नाव जोडायचं: जोशी काकू, सुनील काका, अनिताताई. नुसतं नाव नको. मात्र एखाद्या काकूंनी 'मला नावानेच हाक मार' म्हटलं, तर तो त्यांचा निर्णय, मुलाने तसं करावं. मुलाला ते अवघड वाटलं तर नावापुढे 'ताई' लावायची, म्हणजे दोघांचंही भागतं. 'काकू नको म्हणू रे' असं कुणी म्हणालं तर 'मग काय म्हणू?' हा प्रश्न मुलाला शिकवून ठेवा. त्यात अपमान कुणाचाच होत नाही. (घरात शेजाऱ्यांना ठेवलेली टोपणनावं मात्र मुलाच्या कानावर पडू देऊ नका. 'तुम्हीच का ते खडूस काका?' हा प्रश्न पार्किंगमध्ये कधीही येऊ शकतो.)

हाक मारताना 'ए' नको, 'ओ' किंवा 'अहो'. 'ओ काका, बॉल द्या ना!' हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही कुंपणाबाहेरून ऐकू येणारं वाक्य घासूनपुसून तयार झालेलं आहे. त्यात हाक, नातं, मान आणि विनंतीचा 'ना' असं सगळं आहे. तुमच्या मुलाला पहिलं हेच पाठ करू द्या.

इथवर सोपं होतं. खरी गडबड कामावर येणाऱ्या माणसांशी बोलताना होते आणि ती मुलं नाही, आपण करतो. 'बाई आली नाही आज', 'कचरेवाला आला का?', 'ए भैया, कितीला दिली भेंडी?' ही वाक्यं मोठ्यांची. मुलाने जोशी काकांना 'तुम्ही' आणि झाडूवाल्या काकांना 'तू' म्हटलं, तर तो घरात ऐकलेलंच बोलतोय. म्हणून सरसकट नियम करा: रिक्षावाले काका, वॉचमन काका, कचरा न्यायला येणाऱ्या मावशी, शाळेतले शिपाई मामा, भाजीवाल्या आजी, सगळ्यांना 'तुम्ही' आणि 'आले-आल्या'. कामाला येणारी मुलगी बावीस वर्षांची असेल तर ताई, मावशी नव्हे. आपल्याकडे नकळत वाटणी झाली आहे, फ्लॅटमध्ये राहते ती काकू आणि काम करते ती मावशी. मुलांना ही वाटणी फार लवकर कळते. तिला छेद द्यायचा तर आईच्या दोनचार मैत्रिणींनाही 'मावशी' म्हणू द्या आणि पोळीवाल्या मावशींचं नाव मुलाला माहीत असू द्या: 'मंगल मावशी', 'पोळीवाली' नव्हे. उत्तर भारतातून आलेल्या फेरीवाल्याला 'भैया' ऐवजी 'काका' किंवा 'दादा' म्हणावं. 'भैया' मूळचा वाईट नाही, पण आपल्याकडे तो ज्या सुरात वापरला जातो तो सूर मूल शब्दाबरोबरच उचलतं. ट्रॅफिक पोलिसाला मोठी माणसं गमतीने 'मामा' म्हणतात, मुलाने 'पोलीस काका' म्हणावं.

शिक्षकांबद्दल फार सांगायला नको, शाळेत जे चालतं तेच. मराठी शाळांत बाई आणि सर, गावाकडच्या शाळांत अजून गुरुजी, काही प्रयोगशील शाळांत ताई-दादा, अंगणवाडीत ताई, इंग्रजी शाळांत टीचर, मिस, मॅडम. डॉक्टरांना 'डॉक्टर काका' लहानपणी गोड वाटतं, वयाच्या दहा-बारा वर्षांनंतर नुसतं 'डॉक्टर'. नर्सला 'सिस्टर', वॉर्डातल्या मदतनीस बायकांना 'मावशी'. 'आपण' मात्र मुलाला शिकवू नका. सातवीतल्या सूत्रसंचालनापलीकडे त्याची गरज पडत नाही आणि 'आपण जाऊया'तल्या 'आपण'शी त्याची गल्लत होते.

सुट्टीत गावी जाणार असाल तर तिथला सूर वेगळा असतो हे आधी सांगून ठेवा. कोल्हापूर-सांगलीकडे आण्णा, तात्या, आबा, आक्का ही हाक नात्यापलीकडेही चालते. विदर्भात 'भाऊ' सगळीकडे आणि 'काकाजी' बऱ्याच ठिकाणी. ग्रामीण भागात म्हाताऱ्या बाईंना पोरं 'ए आजी, कुठं चाललीस?' म्हणतात आणि त्यात माया असते, उद्धटपणा नाही. पाहुण्या मुलाने मात्र आठवडाभर 'तुम्ही'वरच राहावं. 'तू'ची परवानगी ओळखीनंतर मिळते.

चूक झाली तर काय करायचं? चारचौघांत 'सॉरी म्हण, असं बोलतात का?' हे सगळ्यात वाईट. मूल लाजतं आणि पुढच्या वेळी त्या माणसाशी बोलणंच टाळतं. मग तुम्हाला दुसरा प्रश्न विचारावा लागेल, मुलगा कुणाशी बोलतच नाही म्हणून. मुलगा 'काका, बॉल दे' म्हणाला की शेजारून फक्त 'काका, बॉल द्या ना' एवढं म्हणा आणि गप्प राहा. त्याला पुन्हा म्हणायला लावायचं नाही. घरी दुकान-दुकान खेळा: तो गिऱ्हाईक, तुम्ही वाणी. दहा मिनिटांत द्या, घ्या, सांगा, थांबा हे सगळं येऊन जातं. मग त्याला खरोखरच्या दुकानात कोथिंबिरीची जुडी आणायला पाठवा, तुम्ही दोन पावलं मागे.

मान आणि जवळीक या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. 'काकांना पापी दे', 'मांडीवर बस' अशी सक्ती कुणासाठीच नको, पाया पडणंही मुलाला नको असेल तर हात जोडून नमस्कार पुरे. आणि त्याला स्पष्ट सांगा की आपण ज्यांना 'काका' म्हणतो ते सगळे आपले काका नसतात. शाळेबाहेर कुणी 'मी बाबांचा मित्र, चल' म्हणालं तर घरात ठरवलेला परवलीचा शब्द विचारायचा. तो शब्द सांगता आला नाही तर जायचं नाही, तिथे मोठ्याने 'नाही' म्हटलं तरी चालतं आणि 'तुम्ही' विसरलं तरी चालतं. 1098 हा बालकांच्या मदतीचा क्रमांक त्याला पाठ असू द्या.

राहिला फोन. 'कोण बोलतंय?' ऐवजी 'कोण बोलताय आपण?' हे एकच वाक्य 'आपण'चं शिकवा, बाकी 'तुम्ही'च. मित्राच्या घरी फोन केला की आधी स्वतःचं नाव, मग 'काकू, अमेय आहे का?' आणि व्हॉट्सॲपवर आईच्या फोनवरून मेसेज करत असेल तर सुरुवातीलाच 'मी अमुक लिहितोय' असं टाकायला सांगा, नाहीतर 'काकू, खेळायला पाठवा ना' हा मेसेज तुमच्या नावाने जाईल.