विचारा की! : भुताला आधी सन विचारा

बाई, नमस्कार. मुलगा-सून दोन वर्षांपासून स्कॉटलंडमधल्या एडिंबऱ्याला आहेत. ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही दोघं महिन्याभरासाठी तिकडं चाललोय. सुनेनं तिथली संध्याकाळची ‘घोस्ट टूर’ आमच्यासाठी आधीच बुक करून ठेवली आहे. ह्यांना हौस, मला धाकधूक. सासूबाई तर म्हणतात, ‘भुतं बघायला पैसे द्यायलाव व्हय?’ त्यात ह्यांचा गुडघा. जावं का? आणि तिथं नेमकं दाखवतात तरी काय?
– सौ. वि. कु., जुळे सोलापूर

जा की. सासूबाईंना सांगा, भूत दिसलं तर पैसे वसूल आणि नाही दिसलं तरी सुखरूप घरी. दोन्हीकडून फायदाच.

माझी पुतणी तिकडं शिकायला होती तेव्हा मी असल्या दोन टूर केल्या. एक जमिनीखालची, एक कबरस्तानातली. दोन्हीकडं भूत काही भेटलं नाही. कबरस्तानात मात्र एका थडग्यामागून काळा झगा घातलेला पोरगा ओरडत अंगावर आला आणि मी शेजारच्या अनोळखी गोऱ्या गृहस्थांचा दंड घट्ट धरला. ते माझ्यापेक्षा जोरात ओरडले. आपल्या गड्डा जत्रेतल्या भूतबंगल्यात असतो तसलाच हा पगारी भूत. तेव्हा टूरमध्ये असं कुणी अंगावर येणार आहे का, हे सुनेला आधीच विचारून घ्यायला सांगा. कुणाला हृदयाचा त्रास असेल तर ते नसलेली टूर घ्या. तसल्याही असतात.

आता दाखवतात काय ते. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळं माझी एक खोड आहे. गोष्ट कानावर आली की आधी सन विचारायचा. एडिंबऱ्यात ही खोड फार कामी आली.

राजवाडा खाली आणि किल्ला वर, मध्ये मैलभराचा चढ, असं ते जुनं शहर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बोळ फुटतात, त्यांना ‘क्लोज’ म्हणतात. त्यातला एक आता जमिनीखाली आहे, मेरी किंग्ज क्लोज. १७५३ साली तिथं व्यापाऱ्यांसाठी मोठी इमारत बांधायला घेतली, तेव्हा बोळातल्या घरांचे वरचे मजले उतरवले आणि खालचे मजले पाया म्हणून तसेच ठेवले. आज त्या इमारतीत तिथली नगरपालिका आहे. वर पाणीपट्टीच्या तक्रारी, खाली चुलीसकट खोल्या. मेरी किंग ही सतराव्या शतकातली विधवा बाई. शिवणकाम आणि कापडाचा व्यापार करून चार पोरं सांभाळणारी. बाईच्या नावाचा बोळ तिथंही विरळाच. सोलापूरच्या माणसानं कापडवालीच्या गल्लीत मान लववून जावं. नाहीतरी छत ठेंगणंच आहे.

त्या बोळाची प्रसिद्ध गोष्ट अशी, की १६४५ च्या प्लेगात आजारी माणसांना आत ठेवून तोंडं चिणून टाकली आणि ती तडफडून मेली. अंगावर काटा येतो, पण हे घडलेलं नाही. प्लेग आला होता आणि शहराची पार दैना उडाली होती, हे खरं. पण आजारी घराच्या खिडकीला पांढरं फडकं लावायचं, त्या घरी अन्न पोचवायचं, काहींना गावाबाहेर माळावरच्या झोपड्यांत न्यायचं, अशी तेव्हाची व्यवस्था होती. आपल्याकडं प्लेगात गावाबाहेर माळावर झोपड्या पडायच्या, तेच. मला तर भुतापेक्षा तिथल्या प्लेगच्या डॉक्टरची गोष्ट आवडली. पहिला डॉक्टर प्लेगनंच गेला. दुसरा, जॉर्ज रे नावाचा, त्याला भरमसाट पगार कबूल केला, कारण हाही जातोयच असा हिशोब. तो जगला! मग पैसे द्यायच्या वेळी नगरपालिकेनं हात आखडता घेतला. हे ऐकून आमच्या गटात फक्त मीच हसले. ठेकेदारांची बिलं आणि निवृत्तांचे फरक ज्यांनी पाहिलेत त्यांनाच यातली गंमत कळणार.

त्याच बोळात एका खोलीत खेळण्यांचा ढीग आहे. ॲनी नावाच्या लहान मुलीचं भूत तिथं आहे, तिची बाहुली हरवली आहे, म्हणून लोक बाहुल्या ठेवून जातात. मी विचारलं, ही मुलगी कागदोपत्री कुठं सापडते? तर कुठंच नाही. १९९२ साली जपानहून आलेल्या एका बाईला ती ‘जाणवली’. म्हणजे मुलगी साडेतीनशे वर्षांपूर्वीची आणि तिचं भूत माझ्या पुतणीच्या वयाचं.

कबरस्तानातही हाच प्रकार. ग्रेफ्रायर्स नावाचं कबरस्तान आहे, तिथं जॉर्ज मॅकेन्झी नावाच्या सरकारी वकिलाचं गोल घुमटीचं थडगं आहे. राजाला धर्मात वरचढ मानायला नकार देणाऱ्या शेकडो लोकांना १६७९ च्या लढाईनंतर त्याच आवाराला लागून उघड्यावर कैदेत ठेवलं होतं. वर छप्पर नाही, खायला पाव. किती मेले, किती फासावर गेले, किती जहाजात घालून पाठवले. त्यांच्यावरचे खटले याच मॅकेन्झीनं चालवले, म्हणून लोक त्याला ‘रक्तपिपासू मॅकेन्झी’ म्हणायचे. तो १६९१ मध्ये वारला आणि त्यांच्या शेजारीच पुरला गेला. आता त्याचं भूत येणाऱ्यांना ओरखडे काढतं म्हणे. कधीपासून? साधारण १९९९ पासून! थंडीपावसात आसरा शोधणारा एक बेघर माणूस थडग्यात शिरला आणि तिथून हे सुरू झालं असं सांगतात. तीनशे वर्षं हा गृहस्थ गप्प पडून होता आणि टूर सुरू व्हायच्या सुमाराला जागा झाला. आपला मुंजा बरा, पिंपळ सोडत नाही आणि तिकीट लावत नाही.

पण त्या कैद्यांच्या आवारात मी उभी राहिले, गाइडनं बॅटरी बंद केली, तेव्हा गप्प झाले. त्या जागेला भुताची गरजच नव्हती. दिवसा कबरस्तान सगळ्यांना फुकट उघडं असतं, पण या आवाराला कुलूप असतं, टूरबरोबरच आत जाता येतं. तेवढ्यासाठी तरी पैसे द्या.

आणखी एक गोष्ट नक्की ऐकायला मिळेल, बर्क आणि हेअर यांची. गाइड त्यांना ‘प्रेतचोर’ म्हणाला तर हळूच दुरुस्त करा. त्यांनी एकही कबर उकरली नाही. हेअरच्या खोल्यांत भाड्यानं राहणारा एक म्हातारा आजारानं मेला, चार पौंड भाडं थकवून. तेवढे वसूल करायला दोघांनी त्याचं प्रेत शरीरशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. नॉक्सला विकलं, साडेसात पौंडाला. मग हाव सुटली. १८२८ च्या वर्षभरात सोळा माणसं मारली. एकटीदुकटी, दारू पाजली की झोपणारी, कुणी शोधायला न येणारी. हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला. बर्कला २८ जानेवारी १८२९ ला फाशी झाली आणि न्यायाधीशांनी त्याच्याही देहाचं विच्छेदन करायला सांगितलं. त्याचा सांगाडा आजही तिथल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात उभा आहे. या प्रकरणामुळं १८३२ मध्ये कायदा झाला आणि डॉक्टरांना बेवारस प्रेतं रीतसर मिळू लागली. म्हणजे पुन्हा गरिबांचीच, आता कागदावर सही-शिक्का घेऊन. माझ्या मिस्टरांनी देहदानाचा अर्ज भरलाय. टूरवरून आल्या रात्री तो अर्ज त्यांनी चष्मा लावून पुन्हा एकदा वाचला.

पुलाखालच्या तळघरांची टूर असेल तर मात्र तुमच्या ह्यांच्या गुडघ्याचा विचार करा. साउथ ब्रिज हा १७८८ मध्ये खुला झालेला पूल. त्याला एकोणीस कमानी आहेत आणि बाहेरून फक्त एक दिसते, बाकीच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींनी झाकल्यात. कमानींच्या पोटात खोल्या काढल्या. आधी चांभार, दारूवाले, मालाची कोठारं होती. बांधकाम पाणी झिरपणारं निघालं, तशी दुकानं उठली आणि ज्यांना कुठंच जागा नव्हती ती माणसं येऊन राहिली. उजेड नाही, हवा नाही, पाणी वरून टपकणारं. पुढं त्या खोल्या बुजवल्या आणि लोक विसरूनही गेले. १९८० च्या दशकात राडारोडा उपसला तेव्हा कालवांचे शिंपले, फुटक्या बशा, खेळणी निघाली. खेळणी होती म्हणजे पोरं होती. आत जिने आहेत, दमट आहे, पायाखालची जमीन उंचसखल आहे. ज्यांना बंद जागेत जीव घुसमटतो त्यांनी इथं जाऊच नये.

बाकी कामाचं सांगते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागं घेतात, मग पाचच्या आधीच दिवेलागण होते. तुमचा काळ म्हणूनच उत्तम. जूनमध्ये रात्री दहाला उजेड असतो, भर उजेडात कसली भुतं. ३१ ऑक्टोबरला, हॅलोवीनला, मात्र गर्दी फार, ती त्यांची सर्वपित्री म्हणा ना. रस्त्यावर दगडी फरशीचे ठोकळे आहेत, पावसात गुळगुळीत होतात. चपला नकोत, खालून खरबरीत असलेले बूट घाला. मी साडीवर बूट घातले होते, कुणी वळूनही पाहिलं नाही. लघवीला जाऊन मगच निघा, कबरस्तानात सोय नाही. गाइडच्या अगदी पुढं उभ्या राहा, त्यांचं इंग्रजी आपल्या कानाला पहिली दहा मिनिटं कन्नडसारखं लागतं. आणि अंगावर घ्यायला घरची चादर न्या. मी पुतणीसाठी नेलेली सोलापुरी चादर त्या रात्री स्वतःच पांघरून फिरले, तर दोन बायकांनी ती कुठं मिळते म्हणून विचारलं. चाटी गल्ली कशी सांगायची त्यांना!

टूर अमावास्येला आली तर? आणि कबरस्तानातून आल्यावर अंघोळ करावी का?
– एक भगिनी, अक्कलकोट रोड

त्यांच्या टूरचं वेळापत्रक तिथीवर नसतं. अमावास्या पाळायचीच असेल तर सुनेला पंचांगातली तारीख कळवा, ती दुसऱ्या दिवशीचं बुकिंग घेईल. भांडायचं कारण नाही. अंघोळीचं म्हणाल तर मी हातपाय धुतले आणि चहा घेतला. तिथल्या थंडीत रात्री डोक्यावरून अंघोळ केली तर भूत राहू द्या, सर्दी नक्की धरेल.

बाई, मी आणि माझे तीन मित्र सोलापुरात अशीच संध्याकाळची ‘भूत सफर’ काढायचा विचार करतोय. भुईकोट किल्ला, जुन्या गिरण्या, चार हुतात्मा पुतळा असा रस्ता ठरवलाय. स्क्रिप्टमध्ये थोडी भुतं घालावी लागतील. तुमचं मत?
– श. प., अशोक चौक

मत विचारलंत ते बरं केलंत, नाहीतर मी तिकीट काढून येऊन सगळ्यांसमोर सांगितलं असतं.

चार हुतात्म्यांना यातून वगळा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. मे १९३० मध्ये या शहरात मार्शल लॉ लागला होता, त्याचा तो शेवट. ही आपल्या आजोबा-पणजोबांच्या डोळ्यांदेखतची गोष्ट आहे. एडिंबऱ्यात बर्कच्या नावानं काळा झगा घालून पोरगा उडी मारतो ते चालतं, बर्क खुनी होता. आमच्या हुतात्म्यांच्या नावानं कुणी ‘हूऽऽ’ केलेलं मला चालणार नाही. त्यांची गोष्ट सांगायची तर दिवे लावून सांगा.

किल्ल्यावर गोष्टी पुष्कळ ऐकायला मिळतील. प्रत्येकीला सन विचारा. सन नसेल तर ‘लोक असं सांगतात’ म्हणून सांगा, ऐकणाऱ्याला त्यातही मजा येते.

गिरण्यांचं मात्र मनावर घ्या. १८७७ ची जुनी मिल, तिच्यामागून आलेल्या बाकीच्या, आणि त्यांच्या भोंग्यावर उठणारं-झोपणारं हे सगळं शहर. आमचे वडील साचाखात्यात होते. मिल बंद पडल्यावर आमच्या चाळीत कितीतरी दिवस माणसं भोंग्याच्या वेळेला उठून बसायची, तोंड धुवायची आणि मग कुठं जायचं ते न सुचून ओट्यावर टेकायची. आई चहा टाकायची, कारण हात त्याच वेळेला चुलीकडं जायचा. तुम्हाला यात आणखी कुठलं भूत घालायचंय?

अजून काही म्हातारी माणसं गिरणगावात आहेत. त्यांच्याकडं आधी जा, वही घेऊन जा, चहाला नाही म्हणू नका. पहिला भोंगा किती वाजता व्हायचा एवढंच विचारा. तिघं तीन वेळा सांगतील आणि आपापसात भांडतील. तिन्ही लिहून घ्या.