'नेटिव्ह' म्हणजे नेमकं कोण?

प्रश्न असा आहे: 'नेटिव्ह स्पीकर' आणि 'नॉन-नेटिव्ह स्पीकर' यांना मराठीत काय म्हणावं? विचारणाऱ्या ताईंना एका क्लासच्या जाहिरातीचं भाषांतर करायचं आहे. 'नेटिव्ह शिक्षकांकडून इंग्रजी शिका' ही तिची मुख्य ओळ. त्यांनी 'मूळ भाषिक' लिहून पाहिलं, पण ते त्यांना खटकतंय.

खटकायलाच हवं. भाषिक म्हणजे भाषेविषयीचं. बोलणारा तो भाषक. 'मराठी भाषिक' आता इतकं रुळलंय की त्यावरून भांडण्यात अर्थ नाही, पण नवा शब्द घडवताना तीच चूक कशाला करा? मी 'मातृभाषक' आणि 'परभाषक' लिहीन.

'नेटिव'ची मात्र गंमत आहे. कंपनी सरकारच्या काळात नेटिव म्हणजे आपण. मुंबईत 'बॉम्बे नेटिव एज्युकेशन सोसायटी' होती आणि बाळशास्त्री जांभेकर तिचे 'नेटिव सेक्रेटरी' होते. साहेब नसलेला तो नेटिव! आज इंग्रजीच्या क्लासात नेटिव म्हणजे नेमका साहेबच.

म्हणूनच जाहिरातीत 'मातृभाषक'ही पुरता बसत नाही. दक्षिण कोरियात इंग्रजी संभाषण शिकवायला लागणारा ई-२ व्हिसा घ्या. त्यासाठी सर्वसाधारणपणे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सातांपैकी एका देशाचं नागरिकत्व लागतं. आपल्याकडच्या अँग्लो-इंडियन घरांत पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजीच बोलली जाते, पण या यादीत त्यांचा पासपोर्ट नाही. तिथे भाषा कमी आणि देश जास्त बघतात.

आता मातृभाषक शिक्षक चांगला की परभाषक, हा ताईंचा उपप्रश्न. मातृभाषकच आदर्श शिक्षक, या समजुतीला भाषातज्ज्ञ रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ साली चक्क भ्रम म्हटलं आणि तिचा माग युगांडातल्या मकेरेरे इथे १९६१ मध्ये भरलेल्या इंग्रजी अध्यापनाच्या परिषदेपर्यंत नेला. मला ते पटलं ते मराठीमुळे. आमच्या इमारतीतल्या तमिळ गृहस्थांनी एकदा विचारलं, "मी आंबा खाल्ला, मग मी पाणी प्यालो कसं? खाल्ला आंब्याप्रमाणे, प्यालो माझ्याप्रमाणे?" मी जन्माचा मराठी. उत्तर काय दिलं? "असंच असतं हो!" त्यांना मराठी शिकवणाऱ्या बाई मूळच्या कानडी. त्यांच्या वहीत यादीच होती: पिणे, शिकणे, विसरणे, बोलणे. सकर्मक असूनही ही क्रियापदं भूतकाळात कर्त्याप्रमाणे चालतात. बाई स्वतः कधीकाळी "मी पाणी प्यालं" म्हणून हसं करून घेऊन बसल्या होत्या, म्हणून तर वही झाली! हंगेरीचे इंग्रजी अध्यापनतज्ज्ञ पेटर मेजेश परभाषक शिक्षकांविषयी हेच सांगतात: शिकणाऱ्याला कुठे ठेच लागणार ते त्यांना आधीच कळतं. अर्थात बोलण्याची लकब, कुठला शब्द कानाला कसा लागतो, यात मातृभाषकाचा हात धरणं अवघड. आणि मोल्सवर्थसाहेब? मराठीचे परभाषकच, तरी अडलं की आपण त्यांचा कोश उघडतोच.

तेव्हा ताई, भाषाशास्त्राचा लेख असेल तर बेलाशक 'मातृभाषक' लिहा. जाहिरातीसाठी आधी क्लासवाल्यांना विचारा, शिक्षक कुठले आहेत. मँचेस्टरचे असतील तर 'इंग्लंडचे शिक्षक' एवढंच पुरे.